पाचवा हिसका

मित्रांनो, सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या दाराला लटकून मी माझे आयुष्य काढले. मी एक जुने पितळी कुलूप आहे, सात लिव्हरचे. पुण्याच्या बोहरी आळीत मीनलच्या बाबांनी मला विकत घेतले आणि २०१२ साली, लोणच्याच्या बरणीशेजारी, लेकीच्या सामानात कोंबले. सिंगापूरला धड कुलूप मिळणार नाही, असे त्यांना खरोखरच वाटत होते. "लावलंस की ओढून बघायचं," त्यांनी निरोप देताना बजावले. "ओढल्याशिवाय दार सोडायचं नाही."

त्या एका वाक्याने सारे घडले, असे मी म्हणणार नाही. आजाराचे मूळ इतके सोपे नसते. मात्र तो आला तेव्हा त्याला माझ्यापाशी आयती जागा मिळाली.

सुरुवातीला मला गर्व होता. शेजारच्या कुलपाला दिवसातून दोनदा हात लागे. मला मीनल सात वेळा ओढी, मग अकरा, मग एकवीस. लिफ्टपासून परते, एलआरटी रेल्वेच्या स्थानकावरूनही धावत परते. तिची पकड जिथे पडे तिथे माझे पितळ सोन्यासारखे उजळले. तिच्या तळहाताची ऊब मी माया समजलो. तिच्या बोटावरचा घट्टा दिसला तेव्हा मला कळले की ती मला घाबरते.

२०१६च्या जानेवारीत तिची मुलगी इरा पहिलीत गेली आणि माझ्यापायी महिन्यात सहा वेळा उशिरा पोहोचली. मग मीनलचा नवरा चारुदत्त सकाळी इराला सोडू लागला. डॉक्टरांनी मीनलच्या मंत्रचळाला ओसीडी हे नाव दिले आणि सरोजिनी नावाच्या समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्यांचा उपाय ऐकायला साधा होता: ओढावेसे वाटेल, तरी ओढायचे नाही, शंकेला बरोबर घेऊन निघायचे. चपलांच्या रॅकवर एक वही आली. रोज दुपारी मायलेकी बाहेर पडत, तेव्हाचा आकडा तीत उतरे. एकवीस, पंधरा, नऊ, सहा. मार्चमध्ये चार. "जूनच्या सुट्टीनंतर इराला मीच शाळेत सोडणार," मीनलने जाहीर केले.

आणि मग चारच. एप्रिलभर चार. मेभर चार. पानावर त्या आकड्यांची रांग उभी राहिली, एकाच घराच्या बंद खिडक्यांसारखी.

घरात माणसे असली की मी दाराला आतून अडकवलेला असतो, सगळे ऐकतो.

"चार म्हणजे वाईट नाही गं," चारुदत्त एका संध्याकाळी म्हणाला. "एकवीस होते."

"तू करून बघ चार. रोज. शेजारी लिफ्ट धरून उभे असताना."

"मी आपलं एवढंच म्हणत होतो..."

"एकवीस होते तेव्हा मी आजारी होते, चारू. आता चारवर मी कोण आहे? आळशी?"

तिने वही चपलांमागे फेकली. दोन आठवडे ती तिथेच पडली होती. सरोजिनीबाईंची भेटही मीनलने टाळली.

जूनमधल्या एका दुपारी मीनलचे दोन्ही हात पिशव्यांनी भरले होते, म्हणून तिने मला लावायचे काम इराकडे दिले. इराने किल्ली फिरवली. मग त्या इवल्या बोटांनी मला ओढले. एक, दोन, तीन, चार. आणि ती आईकडे वळून थांबली.

"आई, से इट," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"काय म्हणू?"

"लॉक्ड ऑलरेडी लाह. आय ऑल्वेज से फॉर यू. नाउ यू से, देन आय कॅन गो."

मीनलच्या पिशव्या खाली टेकल्या. रोज चौथ्या हिसक्यानंतर लिफ्टजवळून इरा तेच म्हणत असे, आणि त्यानंतरच मीनलचे पाऊल उचलत असे. मीही ते मोजले नव्हते.

"पाचवा हिसका माझी मुलगी देत होती," त्या संध्याकाळी ती फोनवर सरोजिनीबाईंना सांगत होती. "तोंडाने. रोज."

वही पुन्हा रॅकवर आली. इराला नवे उत्तर शिकवले गेले: असेल, नसेल.

"बट इट इज लॉक्ड, आई."

"मला माहीत नाही, इरा. माहीत नसताना निघायला शिकतेय मी."

सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी मीनलने मला चारदा ओढले. पाचव्यासाठी बोटे आली आणि हवेतच थांबली. "लागलं का गं?" तिच्या तोंडून निसटलेच.

इराने ओठ घट्ट मिटले होते. "असेल, नसेल," ती कसेबसे म्हणाली. "कम लाह, आई. द बस इज कमिंग."

एक लिफ्ट रिकामी गेली. दुसरीत त्या दोघी शिरल्या. शाळेला चार मिनिटे उशीर झाला. संध्याकाळी वहीत पुन्हा तोच आकडा, आणि शेजारी बारीक अक्षरात: पाचवा नाही.

पुढचे सात आठवडे चारच. एका मंगळवारी तीन; बुधवारी परत चार. त्या बुधवारी ती रडली, आणि गुरुवारी इराला घेऊन निघाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मायेची याचना करतात. मी दुर्लक्ष मागतो. मला एकदा लावा आणि पाठ फिरवा. मला खात्री विचारू नका. ती माझ्या सात लिव्हरांत कुठेच नाही. तुमच्या घरी कोणी चारवर अडकले असेल, तर त्याला एकवीसची आठवण करून देऊ नका. त्याची फेकलेली वही तेवढी उचलून जागेवर ठेवा.

मीनलच्या पकडीने उजळलेले माझे पितळ अलीकडे काळवंडू लागले आहे. फार सावकाश. मी वाट पाहतो आहे.