दोन लवंगांचा झेंडा मी शिवला

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. हाताने चाक फिरवायची, काळी कुळकुळीत. सध्या मुक्काम पिनर, लंडन. वय मात्र विचारू नका, बाईमाणसाला वय विचारत नाहीत.

माझं माहेर झांझिबार. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट, हवेला लवंगेचा वास. ओमानच्या एका सुलतानाला ते इतकं आवडलं, की त्याने मस्कत सोडून राजधानीच तिकडे हलवली! शंभराहून अधिक वर्षं त्या घराण्याचं राज्य चाललं. लवंगांच्या मळ्यांनी राज्य गबर झालं. त्या मळ्यांत गुलाम राबले, हेही सांगायला हवं. नुसतं गोडगोड सांगितलं तर तो इतिहास कसला? पुढे इंग्रज आले. सुलतान गादीवर राहिले आणि कारभार इंग्रजांच्या हाती गेला.

माझे मालक विष्णू, रत्नागिरीहून तिकडे गेलेले शिंपी. १९६३च्या डिसेंबरात राज्य स्वतंत्र झालं आणि एका शाळेने नवा झेंडा आमच्याकडे शिवायला टाकला. लाल कापड, मधोमध हिरवा गोल, गोलात दोन पिवळ्या लवंगा. अहाहा! काय मिरवले मी! झेंडा चढला त्या दिवशी विष्णूंनी माझ्या चाकाला फुलं वाहिली.

आणि महिन्याभरात क्रांती झाली. वर्षानुवर्षं दबलेली माणसं उठली, रक्त सांडलं, झेंडे उतरले. सुलतान नौकेतून निघाले आणि शेवटी इंग्लंडलाच येऊन राहिले. पुढे आमचं बिऱ्हाडही इथे, लंडनच्या हॅरोजवळ पिनरला आलं.

"ही मशीन पांढऱ्या पायाची!" विष्णूंची बायको आशा म्हणाली. "हिने झेंडा शिवला नि राज्य बुडालं."

झालं! तेव्हापासून पडदे शिवा, उशांचे अभ्रे शिवा, पण लग्नामुंजीचं चिंधीएवढं कापड माझ्या सुईखाली येईना. अहो, राज्य बुडवायला मी काय तोफा डागल्या होत्या? फार लागलं मला ते. विष्णू गेल्यावर तर मी गराजमध्ये लॉनमोवरशेजारी जाऊन पडले, गंजत.

मग एके दिवशी आशाचा मुलगा मिलिंद म्हणाला, "आई, रविवारी ही बूट सेलला, जुन्या सामानाच्या बाजारात, देऊन टाकतो." मिलिंद साठी उलटलेला, चांगला गरगरीत.

"बाबा, नो! थांब!" त्याची लेक ईशानी धावत आली. ती इथेच जन्मलेली, पुढच्या महिन्यात स्टॅनमोरच्या समरशी तिचं लग्न. "हा मशीन मला पाहिजे. मी याच्यावर आमचा अंतरपाट शिवणार."

'हा' काय गं, 'ही' म्हण! पण त्या घडीला तेही गोड लागलं.

"अजिबात नाही," आशाआजी कडाडली. "महिन्यात संसार मोडायचाय का तुला?"

"आजी, कमॉन! इट्स जस्ट अ मशीन!"

"तू नव्हतीस तिथे. मी पाहिलंय सगळं." आजीचे डोळे भरले. ती खरंच घाबरली होती. आणि मी? मला रविवार दिसत होता.

ईशानी तिच्याजवळ बसली. "ओके, आजी. पण त्या झेंड्याचं नंतर काय झालं?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"शाळेने गुपचूप परत आणून दिला," आजी हळूच म्हणाली. "घरात सापडला असता तर आमची धडगत नव्हती. माझे दिवस भरत आलेले. बाळाला पहिलं अंगडं जुन्या, मऊ कापडाचं घालायचं, ही आपली रीत. तो झेंडा खाऱ्या वाऱ्याने मऊ झाला होता. मी तो कापला, लवंगांचा गोल आत अस्तराला लावला आणि झबलं शिवलं."

"याच मशीनवर?"

"मग काय! दुसरी होती कुठे?"

"कोणाचं झबलं?"

आजीने दाराकडे बोट दाखवलं. दारात मिलिंद बाकरवडी खात उभा होता.

"माझं?" त्याचा घास तोंडातच राहिला.

"मग बाबा कुठे बुडाला, आजी? बघ ना त्याच्याकडे!"

आजीने लेकाच्या पोटाकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. "अगं बाई, बुडतोय कसला! फुगलाय नुसता!" हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मग माझ्या चाकावरून हात फिरवला. "चुकलंच गं माझं. ईशू, तेल आण."

तेल पोटात गेलं आणि माझं चाक खडखडलं, मग गुणगुणू लागलं. पांढराशुभ्र अंतरपाट झाला. ईशानीने कोपऱ्यात हिरवा गोल लावला, त्यात दोन पिवळ्या लवंगा.

म्हणून सांगते, जुन्या वस्तूवर ठपका ठेवण्याआधी तिची पुढची गोष्ट विचारा. आणि दोन थेंब तेल घालायला विसरू नका.

लग्नाला हॅरोच्या हॉलमध्ये मलाही नेलं, चाकाला हार घालून टेबलावर बसवलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं. भटजी "सावधान" म्हणाले आणि माझ्या सुईत धडकी भरली. दोन लवंगांचं कापड पुन्हा एकदा खाली आलं, आणि अख्ख्या हॉलने अक्षतांचा पाऊस पाडला.