फटीत खोचलेलं पत्र

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. गोष्ट कुठून सुरू करावी, हे मला नीट कळत नाही. माझ्या फटीत एक पत्र बरेच दिवस खोचलेलं होतं, त्याला उत्तर गेलं नव्हतं. तिथूनच सांगते.

या घरातल्या बाईंना दमा, म्हणून सुताराने मला मुद्दाम मोठी केली. "ही खिडकी म्हणजे माझं निम्मं औषध," असं बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी सुखावायचे. पुढे माझा रंग उडाला, तावदानं खडखडू लागली.

पत्र बाईंच्या धाकट्या भावाचं होतं. तो दूरच्या जंगलात वनरक्षक. मालकांनी ते मोठ्याने वाचलं. ‘भाऊजी, इकडे रान पेटलंय. धूर उंच चढलाय आणि वारा तुमच्या दिशेने आहे. ताईची खिडकी बंद ठेवा. पत्र पोचल्याचं कळवा.’

"एवढ्या लांबून धूर येणार? तिकीट काढून की काय?" मालक हसले.

"अहो, त्याला उत्तर तरी लिहा."

"लिहितो गं," म्हणत त्यांनी पत्राची घडी केली आणि माझी खडखड थांबावी म्हणून फटीत खोचली.

मग एका सकाळी सूर्य तांबडा, निस्तेज उगवला. डोळे न मिचकावता त्याच्याकडे बघता येत होतं. पाखरं गप्प होती. जळका वास मात्र कुठेच नव्हता. बाईंना धाप लागली. मालकांनी नेहमीसारखं मला सताड उघडलं. धाप वाढली, तसा त्यांनी पलंगच माझ्याजवळ ओढला. ज्यांना श्वास मिळावा म्हणून मला घडवलं, त्यांच्या छातीत तो धूर माझ्यातूनच शिरत होता. मला स्वतःहून मिटता येत नाही.

मालकांनी बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या चौकटीवरून बोट फिरवलं. ते राखाडी झालं.

"ही कोणी उघडी ठेवली? हा वणव्याचा धूर आहे."

"पण वास नाही हो येत."

"लांबून येताना वास विरतो. बारीक कण तसेच राहतात."

बाईंना दवाखान्यात नेलं. मालक एकटेच परतले. मला बंद करून फटींत ओली फडकी कोंबताना ते पत्र त्यांच्या हाती आलं. उभ्याउभ्याच, पुटपुटत त्यांनी उत्तर लिहिलं. ‘तुझं पत्र पोचलं. धूरही पोचला. ताई दवाखान्यात आहे, सारखं तुझंच नाव काढते. तू कसा आहेस, ते लगेच कळव.’

मित्रांनो, मला उघडण्याआधी एकदा आकाशाकडे बघत जा. नुसत्या नाकावर विसंबू नका.

तोंडाला रुमाल बांधून मालक कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट आत पडल्यावरही ते तिथेच उभे राहिले. पाकीट जिकडे जायचं होतं, तिकडचं आकाश अजून काळवंडत होतं.