कुणी खोकत नाही तेव्हा

“माइक लावू, नाहीतर हा तुकडा ऑर्गनला देऊ. तुम्हीच सांगा, रिन्स्के,” लीव्हन म्हणाला.

“देऊन टाक.”

ती इतक्या पटकन बोलून गेली, की पुढच्या खुर्चीतल्या व्हायोलिनवाल्या बाईनं वळून पाहिलं. लीव्हननं पेन्सिलीनं वहीत काहीतरी खरडलं आणि पान उलटलं. तालीम पुढे सरकली.

हार्लिंगन या बंदराच्या गावातल्या चर्चमध्ये दर वर्षी ईस्टरच्या आधी येशूच्या दुःखभोगाची कथा गाऊन सांगत. रिन्स्के तिथे ऐन तिशीत आली होती. आता साठीला टेकली होती. दोन तासांच्या त्या पसाऱ्यात तिच्या ल्यूटचं, त्या नाजूक आवाजाच्या जुन्या तंतुवाद्याचं, काम मागे राहून साथ करायचं. स्वतःची म्हणावी अशी एकच जागा. मधेच सगळी वाद्यं थांबत, हार्म त्याच्या खर्जाच्या आवाजात एकटाच हळू गाऊ लागे, आणि त्याच्याखाली रिन्स्केची ल्यूट. जेमतेम दोन-तीन मिनिटं. वर्षभर ती कुठे कुठे वाजवत फिरे, आज ब्रेमेन, उद्या गेंट. पण तिचं गाणं म्हणाल तर ते हे.

लीव्हन या वर्षीच संचालक म्हणून आला होता. पोरगेलासा, सभ्य. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. चौथ्या रांगेपलीकडे ल्यूट ऐकू जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. “पूर्वीसुद्धा ल्यूटवाला मिळाला नाही की ऑर्गनवरच वाजवायचे,” असं तो म्हणाला, तेही खरंच होतं. विद्यार्थ्यांना रिन्स्के स्वतः तेच शिकवायची.

सुट्टी झाली तशी ती कोट न घेताच बाहेर पडली. बंदरावरून गार वारा येत होता. धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, परतली, पुन्हा गेली. मग गाडीत जाऊन बसली. शेजारची सीट आडवी पाडलेली होती. ल्यूटची माणसाएवढी पेटी तिथेच मावायची. नवरा, खेर्बन, लग्नानंतरची पहिली काही वर्षं हसून म्हणायचा, “पुढे ती, मागे मी. तू लग्न नक्की कुणाशी केलंस?” नंतर तो हसेनासा झाला. नंतर मागे बसेनासा झाला.

माइक लावायला काय हरकत होती? एकदा लावला होता, एका मोठ्या सभागृहात. बोटं तारेवर घासल्याची खरखर, तिचा नाकातला श्वास, सगळं भिंतींवर आदळून परत येत होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला कुणी कान लावून बसावं, तसं तिला वाटलं होतं. पण म्हणून अख्खं गाणंच देऊन टाकायचं? इतकी कसली ऐट?

ती पुन्हा आत आली. चर्चच्या मागच्या खोलीत ग्रीत मोठ्या पातेल्यातून वाटाण्याचं सूप वाढत होती. वादक-गायकांना सूप वाढायचं तिचं काम रिन्स्केच्याही आधीपासूनचं.

“बस की गं जरा! कोंबडीसारखी काय येरझाऱ्या घालतेस?”

“ग्रीत, माझं ते गाणं काढलं. ऑर्गनला दिलं.”

ग्रीतचा डाव पातेल्यातच थांबला. “हार्मबरोबरचं?”

“हो. मागे ऐकू जात नाही ना.”

“मला तर बाई कधीच ऐकू आलं नाही,” ग्रीत म्हणाली. “एवढी वर्षं मागच्या बाकावर बसते, खोटं कशाला बोलू? पण एक सांगते. दोन तास नुसती ढास चाललेली असते लोकांची. तुझ्या त्या वेळेला कुणी खोकत नाही. सगळे कान टवकारून असतात, आता येईल आवाज, मग येईल.” तिनं वाटी पुढे केली. “खा गरम आहे तोवर.”

रिन्स्केनं वाटी तशीच ठेवली. तिचं ठरलं. लीव्हनला गाठायचं आणि सांगायचं, माइक तर माइक, पण वाजवीन मीच.

बोळातून ती जवळजवळ पळतच गेली. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि आतून हार्मचा आवाज आला. तेच गाणं चाललं होतं. त्याच्या आवाजाखाली ऑर्गन होता. योलान म्हणून नवी मुलगी वाजवत होती. एकच मऊ सूर धरून ती हार्मच्या श्वासाबरोबर चालत होती, कुठे पुढे नाही, कुठे मागे नाही. आणि हार्म तस्साच हळू गात होता. ऑर्गनपुढे त्याला ओरडावं लागेल, असं तिला वाटलं होतं. लागत नव्हतं.

काही वाईट सापडतंय का, म्हणून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मूठ सोडली.

हार्म बाहेर आला आणि तिला पाहून ओशाळला. “रिन्स्के, मला आत्ताच कळलं गं. मी बोलू का त्याच्याशी?”

“नको. पोरगी छान वाजवते.”

“तुझ्यासारखं नाही.”

“हार्म, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात,” ती म्हणाली. “जा, सूप संपतंय.”

चार वाजता चर्च भरलं. रिन्स्केनं काळा पोशाख घातला होता. ल्यूटच्या, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारा गर्दीच्या उबेनं उतरत होत्या. एकेक खुंटी पिळून तिनं त्या नेहमीसारख्याच जुळवून घेतल्या. साथ केली. तीत एका सुराचीही कुचराई केली नाही.

मग ती जागा आली. वाद्यं थांबली, हार्म उभा राहिला. योलाननं पहिला सूर धरला, तशा रिन्स्केच्या मांडीवरच्या ल्यूटच्या लांब, खर्जाच्या तारा ऑर्गनच्या सुरानं आपोआप गुणगुणू लागल्या. तिनं उजवा तळहात सगळ्या तारांवर आडवा ठेवला. आवाज मिटला. हाताखाली तारा थरथरत होत्या.

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं.

हार्मचा शेवटचा सूर विरेपर्यंत तिनं हात उचलला नाही.