भस्मावरची रेघ

यातलं एक अक्षरही कोणी खरं मानणार नाही, हे बिसरामला पक्कं ठाऊक होतं. पन्नास वर्षं थापा मारून दवनीवाड्यात त्याने तेवढी कीर्ती कमावली होती. पण भर दुपारी मांडवात चाळीस माणसं ओळीने घोरत होती, ही थाप नव्हती. मुन्नालाल महाराजांचं निद्राभस्म दुधातून पोटात गेलं, की माणूस बसल्या जागी कलंडायचा. जय बोलता बोलता सरपंच आडवे झाले ते चपलांच्या ढिगावर.

बिसरामची बायको शामकला चार महिने रात्री दोनदोनदा उठत होती. महाराजांनी एक डोळा मिटून निदान केलं. सुनेच्या माहेरची, सालेकशाच्या जंगलातली हडळ तिच्या खांद्यावर बसून आली होती. "बहू को मायके भेजो. माताजी की नींद उसकी मुट्ठी में है."

सून दुर्गेश्वरीला उद्याच्याच गाडीत बसवायचं ठरलं. मुलगा ओमेश आईपुढे मान खाली घालून उभा होता.

बिसरामला राग आला तो थाप इतकी सैल विणल्याचा. महाराज म्हणे बारा वर्षं झोपलेच नव्हते, आणि डोळे तर ताजे टवटवीत. मग त्याने नीट पाहिलं. ज्यांच्या कपाळाला नुसतं भस्म लागलं ते माशा हाकत बसले होते. प्यायले तेच पडले होते. शामकलाचा पेला आला, तेव्हा त्याने तो भक्तिभावाने हातात घेतला आणि दूध हळूच ताटलीत ओतलं. तळाशी न विरघळलेली पांढरी गोळी होती, अर्धी मोडायला मधोमध रेघ असलेली.

"महाराज, देवाच्या भस्मावर मधोमध रेघ कायले?"

"वो लक्ष्मणरेखा है."

उत्तर बिसरामला मनापासून आवडलं. तरी त्याने दुसऱ्या पेल्याकडे बोट दाखवून महाराजांनाच पिऊन दाखवायला सांगितलं. महाराजांना अचानक उपवास आठवला.

"दूध तं उपवासाले चालते," बिसराम म्हणाला.

जागे होते ते हसू लागले. दुर्गेश्वरीने उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी गोळी पाहून सांगितलं, झोपेचं औषध आहे, आणि एकेकाची नाडी तपासायला घेतली. ओमेशने महाराजांची वाट अडवून पोलिसांना फोन लावला.

मग दुर्गेश्वरी सासूशेजारी बसली. कॉलेजात वाचलेलं तिने सांगितलं. माणूस रानात शेकोटीभोवती टोळीने झोपायचा, तेव्हा कोणीतरी जागं असे म्हणूनच बाकीचे वाचत, असं काही अभ्यासक मानतात. "तुमी तीस वर्षं धान राखाले मचाणावर उठत आल्या, आई. डुकरं आली का डबा वाजवा. यंदा शेताले विजेच्या झटक्याची तार लागली, मचाण सुटलं, अन् त्याच महिन्यात मी आली. राखण संपली हे अंगाले कोणी सांगतलंच नाई. झोप नाई तं डॉक्टरले विचारा. कोणाच्या खांद्यावर हडळ कायले बसवता?"

शामकलाने सुनेचा हात धरला. मग ओमेशला म्हणाली, "हे कुठं जात नाई."

बिसरामचा जीव भांड्यात पडला, आणि जीभ सुटली. आपणही मचाणावर अर्धी अर्धी रात्र बारीने जागलो, एकदा तर बारा डुकरं आणि एक बिबट्या नुसत्या डब्यावर पळवला, असं तो मांडवाला सांगू लागला.

"खोटं बोलून राहिले हे," शामकला म्हणाली. "सांजेलेच घोरत होते. दोन्ही बाऱ्या मीच जागली."