हंय कोण रवना नाय

गुरुदासचं चिऱ्याचं कौलारू घर मालवणात वरच्या वाडीत होतं आणि गुरुदास मुंबईला गोदीत. चतुर्थीला तेवढा उगवायचा. एरवी झाडलोट, राखण आणि किल्ली नर्मदेकडे. नर्मदा मासे विकणारी, नवऱ्यामागे एक मुलगी वाढवणारी. तिची झोपडी किनाऱ्यावर, आणि आषाढात दर्या काय विचारून आत येतो? मग ती चंद्रावतीला घेऊन गुपचूप गुरुदासच्या मागच्या पडवीत राही आणि चतुर्थीआधी चुलीची राखसुद्धा उचलून निघून जाई.

चोरून कशाला, भाडं देऊन राहावं, म्हणून तिने एकदा त्याला विचारलंही होतं.

"तू सोन्यासारी बाई गो," गुरुदास म्हणाला, "पण उद्या कूळ लागला तर माझा घर तुझा होतला!"

कूळकायदा शेतजमिनीचा, पण त्याचा धसका तेव्हा गावी घर असलेल्या सगळ्याच मुंबईकरांनी घेतला होता. घराला वाळवी लागली तरी चालेल, भाडेकरू नको.

साठ सालच्या श्रावणात घरं मोजणारा माणूस दारात आला. "इथं कोण राहतं?"

नर्मदा दार अडवून उभी राहिली. मागे पडवीत पेज शिजत होती. हा उद्या गुरुदासला कळवील, दुसरं काय!

"हंय कोण रवना नाय. घर बंद आसा."

त्याने दारावर खडूने आकडा घातला आणि कागदावर 'रिकामं' लिहिलं. नर्मदा पेज उतरवायला मागे पळाली.

पुढे किनाऱ्यावरच्या बेघरांना सरकार पक्की घरं देणार अशी बातमी आली. यादीत नर्मदेचं नाव लागलं. चंद्रावतीने तर खिडकी कुठल्या बाजूला हवी, तेही ठरवून टाकलं. दोन खोल्यांच्या आशेवर मायलेकींनी तो हिवाळा फार सुखात काढला.

फाल्गुनात कळलं, घरं होणार नाहीत. नर्मदा कचेरीत गेली. तिच्या मागोमाग किनाऱ्यावरच्या आणखी चार-पाच जणी.

कारकून बिचारा भला होता. "बाई, शंभरातली पाचापेक्षा जास्त घरं रिकामी असतील तिथं नवी बांधायची नाहीत, असं वरून आलंय. तुमच्याकडे शंभर घरांत अठरा निघाली. घ्या की एखादं भाड्याने."

अठरा! नर्मदेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेर उभ्या असलेल्या बायकाही कुणा ना कुणा मुंबईकराच्या राखणदार, आणि पावसात त्याही कुठे झोपतात हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं. स्वतःच्या तोंडाने स्वतःची घरं बुडवली होती.

आता तरी खरं बोलावं, असं तिला वाटलं. मरणाची भीती वाटत होती, तरी ती बोलली.

"सायबा, मी तेव्हा खोटा बोल्लंय. गुरुदासचा घर रिकामा नाय. पावसात आमी थंयच रवताव."

कारकुनाने चष्मा वर केला. "पक्कं? गुरुदासच्या घरात?"

"होय. देवाशपथ."

"अहो, मग तुम्हाला घर आहे!" तो खरोखरच आनंदून म्हणाला, आणि बेघरांच्या यादीतून त्याने तिचं नाव खोडलं. "आणि बाकी रिकामी घरं सतरा. तरी जास्तच झाली की."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बाईने करावं तरी काय?

नर्मदा बाहेर आली तेव्हा पुढची हौसाबाई पदर सावरून आत जायला निघाली होती. नर्मदेने तिचा हात घट्ट धरला. "जाव नको गो. खरा सांगशीत तर पडवी पण जायत."

नर्मदेची गेलीच. कचेरीतली गोष्ट कचेरीत थोडीच राहते? चैत्रात गुरुदासचा भाऊ मुंबईहून आला, एक शब्दही वाईट बोलला नाही, चूल उखडली, नवं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेला. घर आता खरोखरच रिकामं झालं.