बांधलेली फळी

माजं डोकं तापट, त्यात सकाळी एक सांगायची नि संध्याकाळी दुसरंच. पयला सुतार म्हनूनच पळाला. जाताना म्हनला, बाई, आधी तुमचं काय ते ठरवा. ठरलं असतं तर मीच नसती का टपरी उभी केली?

लोहगडवाडीत चहाची टपरी घालायची होती. साठ सालच्या सुमाराची गोष्ट. सुट्टीला पुण्या-मुंबईची पोरं गड चढाया यायला लागलीवती. पन माजं खरं कारन येगळंच. आमच्या मालकांचा पाय दगडाच्या खाणीत गेला, तवापासनं मानूस भिंतीकडं तोंड करून बसायचं. बोलनं तर बंदच. त्यांच्या हाताला काम मिळावं, चार मानसांत बसावं, येवढंच मनात होतं. पन सुताराला हे कसं सांगायचं? लाज वाटायची.

मग केरबा सुतार आला. त्यानं येक खिळा मारला न्हाई. फळ्या काथ्यानं बांबूला बांधल्या नि म्हनला, आधी हितं चहा विकून बघा, मग ठोकू. मला वाटलं, ह्यो निव्वळ कामचुकार. तर चुलीचा धूर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत. चूल हलवली. मग पोरांना बाकडं गडाकडं तोंड करून पायजे. फिरवलं. मी लय वटवट केली, पन त्या बाबानं तोंड वाकडं केलं न्हाई. दर बारीला इचारायचा, "वैनी, ठोकू का?" मी म्हनायची, थांबा.

येका रविवारी मालकांना धरून आनलं, खोक्यावर बसवलं. फळी माज्या मापाची, उभ्या बाईची. बसल्या मानसाचा हात किटलीला पोचंना. त्यांनी मान खाली घातली, घराकडं बोट दाखवलं.

केरबानं बघितलं. गाठी सोडल्या, फळी खाली घेतली, परत बांधली. ठोकलेली असती तर मालक त्या दिवशी घरी गेले असते, ते कायमचे.

मालकांनी किटली उचलली, कप भरला. मग म्हनले, "साखर कुटं ठेवलीस गं?"

मी पदर तोंडाला लावून रडले.

बाकी टपरी पुढं ठोकली. ती फळी अजून काथ्यावरच हाय. केरबाचे उपकार मी मरस्तवर इसरायची न्हाई. बाजाराला जाताना तो डोकावतो, हसून इचारतो, "ठोकू का?"

मी तोंड उघडायच्या आधीच मालक म्हनतात, "थांब रं, आधी च्या घे."