हात लावून

वॉर्डातल्या नर्स हसीनाने खाटेभोवतीचा पडदा ओढला, मोबाइल वर धरला आणि मान फिरवून बटण दाबलं. फोटोत भिंत आली आणि साळुबाईचा अर्धा कान.

साळुबाईच्या छातीतली गाठ सरकारी योजनेतून काढली होती. घरचा पैसा लागला नव्हता. पण चेहरा आणि टाके एकाच फोटोत दिसल्याशिवाय योजनेवाले काही मान्य करत नसत. आज घरी सोडण्याआधीचा शेवटचा फोटो; तो योजनेच्या साइटवर चढल्याशिवाय सुट्टी मिळणार नव्हती. दरवेळी साळुबाई पदर दातात धरून डोळे मिटायची आणि दरवेळी हसीना नजर दुसरीकडे वळवायची. तेवढीच तिला म्हातारीची अब्रू राखता येत होती. पूर्वी ड्रेसिंगही तीच करायची. फोटोंचं काम आल्यापासून ड्रेसिंग ज्याला सवड होईल त्याच्याकडे गेलं होतं.

बाहेर साळुबाईचा नवरा सोमाजी पिशवी भरून तिची वाट पाहत उभा होता. पिंपरी पेंढारला जाणारी जीप त्याने थांबवून ठेवली होती.

"मावशी, पुन्हा एकदा. डोळे उघडे ठेवा."

साळुबाईने दातातला पदर सोडला.

"बाजारात मेंढरू घ्यायला गिऱ्हाईक येतं, त्येबी असंच उचकटून बघतं. पर हात लावून बघतं. तू तर बघत बी न्हाईस, पोरी."

हसीना कसनुशी हसली. या खेपेला तिने मान फिरवली नाही. फोटो चांगला आला. चेहरा स्पष्ट, टाके सरळ रेषेत. मग मोबाइल बाजूला ठेवून तिने हातमोजे चढवले आणि टाक्यांच्या खाली हात टेकवला.

जागा तापलेली होती. जरा दाबल्यावर आत काहीतरी साचल्यासारखं लागलं. साळुबाईने खाटेची कड घट्ट धरली.

"कधीपासून दुखतंय?"

"परवापासनं."

"मग बोलला का नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई. आन् बोलले असते तर घरी सोडलं असतं का?"

पडद्यापलीकडून योजनेच्या काउंटरवरच्या फुरकानचा आवाज आला.

"आपा, फोटो चढला का? पुढचा पेशंट बाकावर बसलाय."

हसीनाने हातमोजे काढले, मोबाइल उचलला. स्क्रीनवरच्या फोटोकडे थोडा वेळ पाहिलं आणि तो पुसून टाकला.

"नाही," ती म्हणाली. "नीट आला नाही. तू डॉक्टरांना पाठव."

तिने स्टूल ओढून खाटेजवळ घेतलं. साळुबाईने पदर डोक्यावर सारखा केला. टाके मात्र तिने झाकले नाहीत.